न्हाणीघराची फरशी ठरेना!

नाम घेतलंत, टाळ खाली ठेवलेत, आता एक प्रश्न घ्या. चूक होईल, चूक होईल म्हणून आपण एखादं काम लांबवतो ना, त्या लांबलेल्या दिवसांत हाल कुणाचे होतात? आपले? छे! आपण तर दुकानात बसून सरबत पितो. मग कुणाचे?

ऐका मंडळी. कराडात एक घर. दिगंबर फरांदे, पतपेढीत नोकरीला. त्याची बायको हेमांगी. आणि दिगंबरची आई अनसूयाबाई, ऐंशी ओलांडलेल्या. हेमांगी सासूला आत्या म्हणते, आपल्याकडची रीतच ती. एक दिवस आत्यांचा पाय न्हाणीघरात सटकला. पडल्या नाहीत, नळाला धरून वाचल्या. पण हेमांगीनं त्याच संध्याकाळी नवऱ्याला गाठलं!

"अहो, फरशी पार गुळगुळीत झालीय. आत्यांसाठी सगळं न्हाणीघर नवं करू."

कारण कसं? सोन्यासारखं! पण सोनं ठेवलं कुठे, ते आपल्याला आठवतं का?

गवंडी आला, घण घातला. संडास आणि न्हाणी एकातच, दोन्ही गेलं! गवंडी म्हणाला, "वहिनी, माल आणा, झटक्यात बसवून देतो." आणि तोवर? समोरच्या दारात शिकलगार भाभी. "अगं, आमचं बाथरूम आहे की! पाठव आत्यांना, बिनघोर!" देवमाणूस बाई.

हेमांगी गेली दुकानात. ही लाकडासारखी दिसणारी फरशी, ही संगमरवरासारखी, ही सिमेंटसारखी. मी म्हणते, फरशीसारखी दिसणारी फरशी ठेवत नाही का हो कुणी? फरशी आवडली तर भिंतीची टाईल जुळेना. टाईल जुळली तर बेसिनचा कट्टा अडला. काळ्या ग्रॅनाइटवर साबणाचे डाग दिसतात, पांढऱ्यावर तेलाचे! फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले. झालं! पुण्याची नणंद लिहिते, "निळं नको गं, स्टँडवरचं वाटतं." सोलापूरची मावससासू लिहिते, "आमच्याकडे बेज आहे." बेज म्हणजे काय, हेमांगीला ठाऊक नाही. पण आपलं बेज नाही, याची धास्ती बसली!

आणि एकदा बसवली की जन्मात निघत नाही, हे डोक्यात सारखं. जेवताना तेच, पूजेत तेच. सोफ्यावर नमुन्याचे तुकडे, टीव्हीपुढे तुकडे.

दिगंबर म्हणाला, "अगं, कुठलीही घे."

"कुठलीही? उद्या लोक नावं तुम्हाला ठेवणारेत का?"

बायकांनो, मान हलवू नका एवढ्या जोरात, अंबाडे सुटतील!

तेवढ्यात गवंड्याचा फोन. "वहिनी, गावच्या जत्रेआधी माल आला तर आला. नाहीतर मी गावी गेलो की पुढचं पुढं." हेमांगी तशीच पुन्हा दुकानात! आणि माणूस घाबरला की ठरवतो का? नाही! आणखी दोन नमुने आणतो!

आणि आत्या? आत्या गप्प. वैशाखाचं ऊन, अंगाची काहिली. उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी भरलेलाच.

"आत्या, पाणी नाही प्यायलात?"

"तहान नाही."

"ताक देऊ?"

"नको गं, पोट जड आहे."

ओठ सुकलेले. उठताना भिंत धरायला लागल्या. हेमांगीला वाटलं, रागावल्यात आपल्यावर. सासू गप्प बसली की सुनेला आधी स्वतःचे गुन्हे आठवतात. सासूचं दुखणं मागून!

एका दुपारी भाभी दारात. हातात कलिंगडाच्या फोडी, चेहरा पडलेला. "हेमांगी, एक विचारू? आमचं काही चुकलं का गं? आत्या सकाळी एकदा येतात, मग दिवसभर फिरकत नाहीत. दुसरीकडे कुठे जातात का?"

दुसरीकडे? दुसरीकडे कुठे जाणार हो ती म्हातारी?

हेमांगी धावली आत. आत्यांचा हात धरला, तव्यासारखा गरम! "आत्या, खरं सांगा. पाणी का पीत नाही?"

आत्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "प्यायलं की जावं लागतं गं. भाभी लाखात एक आहे. पण तिची मुलं अभ्यासाला बसलेली, त्यात जावई आलेला. या वयात परक्याच्या दारात किती वेळा उभं राहायचं?"

"मग मला म्हणायचं होतं, लवकर आटप म्हणून!"

"तुझ्याच जिवाला एवढा घोर लागलेला. त्यात माझा कशाला?"

मंडळी, जिच्यासाठी घण घातला, तिनं पाणी सोडलं! आणि जिनं घण घातला, ती बेज शोधत होती!

रिक्षा आली, दवाखाना झाला, सलाईन लागलं. डॉक्टर रागावले, "आजी, आणखी उशीर केला असता तर मूत्रपिंडांनी दगा दिला असता!" हेमांगी पलंगाशी बसलेली. थेंब पडतोय ना, एवढंच बघत होती. मग दिगंबरला म्हणाली, "गवंड्याला सांगा, फरशी ठरली."

"कुठली?"

"मला काय माहीत? आत्या सांगतील."

घरी आणल्यावर आत्यांना जरा ताकद येऊ दिली. मग चार तुकडे जमिनीवर मांडले, वर पाणी ओतलं. "आत्या, माझे दोन्ही हात धरा. अनवाणी उभ्या राहा."

पहिल्यावर पाय टेकला. "अगं बाई, ही तर थेट वैकुंठाला नेईल!" दुसरीवर तेच. तिसरी करडी, खरखरीत. आत्यांनी अंगठा दाबून पाहिला. "ही. इथे पाय धरून ठेवते."

"आणि भिंत?"

"पांढरी कर. मला कमी दिसतं गं, जरा उजेड वाटू दे."

"कट्ट्याला दगड कुठला?"

"कुठला का असेना! तोंड धुताना मी त्यावर भार टाकते. कड तेवढी गोल कर, हाताला बोचू नये."

संपलं! एवढंच होतं! जत्रेआधी काम झालं. नणंदेनं ग्रुपवर लिहिलं, "साधंच वाटतंय." हेमांगीनं अंगठा पाठवला आणि फोन ठेवून दिला.

पहिल्या दिवशी आत्या आत गेल्या. बराच वेळ झाला. हेमांगी दाराशी येरझाऱ्या घालतेय. "आत्या? बरं आहे ना?"

आतून आवाज, "अगं, बसू दे की निवांत! आता कुणाचा जावई यायचाय?"

हसलात? हसा. आता तुमच्याकडे वळते. आज्यांनो, कीर्तनाला निघताना चहा नको म्हणालात ना? मधे उठावं लागेल, लोक बघतील म्हणून? आणि विश्वस्त मंडळी, सभामंडपाला कुठला संगमरवर, यावर तुमच्या बैठका चालल्यात म्हणे. चालू द्या. पण मागच्या अंगणात बायकांच्या मोरीला दार नाही. त्या बायकांना कुणी काही विचारलंत?

आज आरती उशिरा होईल. मृदंगबुवा, हात थांबवा. लेकी-सुनांनो, शेजारी बसलेल्या म्हातारीच्या कानात हळूच विचारा, जायचंय का? माझ्या उतरायच्या खोलीत सोय आहे, घेऊन जा. सावकाश या. आम्ही थांबतो. आणि देव? तो तर कधीचा उभाच आहे!