नायिकेचं ताट

अध्यक्षस्थानी बसलेले आमच्या संस्थेचे अध्यक्ष सन्माननीय बापूजी, व्यासपीठावरच्या सरपंच उर्वशीताई, वेळात वेळ काढून आलेले डॉक्टर प्रफुल साहेब, आजच्या सत्कारमूर्ती रंजीता बाई खोब्रागडे, मांडवाबाहेर मोटारसायकलींवर बसून ऐकणारे सज्जन, समोर बसलेल्या माताभगिनी आणि माझ्या वसतिगृहाच्या मुलींनो, ज्यांना मी आज एक दिवस रागावणार नाही.

मी कमळा गेडाम, वसतिगृहाची गृहपाल. भाषण करणं हे काही माझं काम नाही, माझं काम ओरडणं. त्यामुळे आवाज चढला तर भांडण समजू नका. सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बापूजी, घड्याळ पाहू नका. बाई काय दरसाल निवृत्त होणार आहेत?

बाईंच्या शिस्तीबद्दल, शुद्धलेखनाबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी फक्त दिव्यानीची गोष्ट सांगणार आहे. ती इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच बोलत नाही, कारण त्या दिवशी टाळ्या वाजवणारे हात याच गावचे होते.

आपला मुलूख नाटकवेडा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि नाटक झालं नाही, असं गाव कुरखेड्यापासून वडशापर्यंत शोधून सापडणार नाही. त्या वर्षी मंडईच्या दुपारी आमच्या मुलींचं नाटक ठेवलं होतं. लिहिलं होतं आपल्या मुखरूभाऊंनी. भाऊ, तोंड लपवू नका, चांगलंच लिहिलं होतं. सून सोसते, सोसते, सोसते आणि तिसऱ्या अंकात तुळशीपुढे प्राण सोडते. नववीतली दिव्यानी सून झाली होती. पहिल्या अंकातच बायांचे पदर डोळ्यांना लागले.

दुसऱ्या अंकात सासू तिच्या हातून पाण्याची घागर हिसकावते. हिसकावली, आणि दिव्यानी पडली. धाडकन! मांडवात टाळ्या, शिट्ट्या. कोणी ओरडलं, "वन्स मोअर!" माइकवर बक्षिसं पुकारायला सुरुवात झाली. "सुनेच्या कामावर खूश होऊन अमक्याकडून बक्षीस, तमक्याकडून बक्षीस." आपल्याकडे ही रीतच आहे, कलावंताचं काम आवडलं की नाटक थांबवून नाव पुकारायचं. नावं संपेनात आणि पोरगी उठेना. मी पडद्याआड उभी, माझ्याही डोळ्यांना पाणी. मला वाटलं, काय काम करून राह्यली पोट्टी!

बाई माझ्या शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "कमळाबाई, ही तर तिसऱ्या अंकात मरते ना?"

एवढं बोलून त्या रंगमंचावर धावल्या. लोक चिडले. "बाई, बाजूले व्हा, दिसत नाई!" असं ओरडले. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी ओढून पाहिली, आणि मग त्या ज्या आवाजात "पडदा पाडा!" म्हणाल्या तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. पोरीची पापणी आतून कागदासारखी पांढरी होती.

जीपमध्ये घालून कुरखेडा, तिथून गडचिरोली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, हिला उभी कोणी केली? रक्त चढवावं लागेल, रात्र कशी जाते पाहू. रक्तपेढीत बाटलीच्या बदल्यात रक्त कोणी दिलं असेल? मुखरूभाऊंनी! ज्यांनी तिला तिसऱ्या अंकात मारायचं ठरवलं होतं, त्यांनीच बाही वर केली. भाऊ, त्या दिवसापासून तुम्हाला शंभर गुन्हे माफ.

सकाळी दिव्यानीनं डोळे उघडले. आम्ही दोघी खाटेजवळ. तिनं पहिला प्रश्न काय विचारावा? "बाई, मी बरोबर पडली ना?"

बाई रडल्या. रडता रडता ओरडल्या, "आग लागो तुह्या पडण्याले! काऊन खात नव्हती वो तू?"

मग तिनं सांगितलं. सून सुकलेली दिसली पाहिजे, असं तालमीत सगळे म्हणत होते. तिचे गाल भरलेले. म्हणून ती ताटातलं मैत्रिणीला देत होती. लोहाच्या निळ्या गोळ्यांनी मळमळते, म्हणून सगळ्याच मुली त्या खिडकीतून फेकत होत्या, हीसुद्धा. आणि घरी सुटीत गेली की बाप आणि भाऊ जेवल्यावर, मग आजी, मग ही आणि हिची आई बायनाबाई, उरलं तर. म्हणाली, "बाई, धड्यातली कोणतीच बाई कुठी जेवते?"

आता सांगा, या प्रश्नाला काय उत्तर देता? बाईंचा जन्म पुस्तकांत गेला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला म्हणाल्या, "कमळाबाई, मी वर्षानुवर्षे काय शिकवत आहे? एक विहिरीत जाते, एक जळते, एक बाळंतपणात जाते, एक झुरून झुरून जाते. आणि मी वर्गाला विचारते, लेखकाने करुण रस कसा साधला? मेल्याशिवाय बाईला नायिका म्हणायचंच नाही काय?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा तास बदलला. धडा कोणताही असो, पहिला प्रश्न ठरलेला: ही बाई शेवटची कधी जेवली? मुली आधी हसायच्या. मग पुस्तकं उलटून शोधू लागल्या. कथांमधल्या बाया रांधत होत्या, वाढत होत्या, भांडी घासत होत्या. जेवताना कोणीच सापडेना. बाई म्हणाल्या, दुःख लिहा, जरूर लिहा, बायांनी सोसलं ते लपवू नका. पण सोसण्याची आरती नको.

आणि गोळ्या? बाई दर सोमवारी जेवण झाल्यावर मुलींच्या पंगतीत बसून स्वतः गोळी घ्यायच्या. भरल्या पोटी मळमळ कमी होते, हे मी शंभरदा ओरडून सांगितलं होतं. माझं कोण ऐकतं!

दिव्यानीच्या वडिलांनी, देवरावभाऊंनी, मात्र तिची शाळा बंद केली. "शिक्षणानं पोरगी मरत होती," म्हणाले. बाई त्यांच्या घरी गेल्या. भांडल्या नाहीत. देवरावभाऊ जेवायला बसले तेव्हा म्हणाल्या, "मी पाहुणी. मले वाढा, आन माह्यासंगं या दोघी मायलेकी बसतील." पाहुणीला नाही कसं म्हणणार? बाई रोज पाहुण्या होऊन जायला लागल्या. शेवटी देवरावभाऊ वैतागले, म्हणाले, "बाई, पोरीले घेऊन जा, पण माही भाकर सोडा!"

पुढच्या मंडईत तेच नाटक झालं. मुखरूभाऊंनी तिसरा अंक बदलला होता. सून तुळशीपुढे येते, पण मरत नाही. सासूच्या हातातलं ताट घेते आणि खाली बसून जेवते. खरा भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, वर उकडलेलं अंडं. मांडवात कुजबुज सुरू झाली. "हे काय नाटक? मरण नाई, रडणं नाई!" बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. दिव्यानी जेवत होती, खाली मान घालून, सावकाश, खरंखुरं. तेवढ्यात मागून गावातली म्हातारी झिंगू आजी उठली आणि ओरडली, "पोट्टीले आखीन वाढा वो!"

आणि मग जे हसू फुटलं! माइकवर बक्षिसं सुरू झाली, कोणी तांदूळ पुकारले, कोणी अंडी. त्या महिन्यात डॉक्टर साहेबांनी दिव्यानीचं रक्त तपासलं आणि म्हणाले, आता काळजी नको. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. सुटका झाल्यासारखं वाटलं, दुसरा शब्द मला येत नाही. आज ती पोरगी गडचिरोलीत कॉलेजात शिकते आणि इथे समोर बसली आहे. गाल पाहून घ्या.

बाई, तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं. पण घाबरत नाही आम्ही. आता मुली एकमेकींच्या ताटात डोकावतात.

सर्व मान्यवरांचे, मांडववाल्यांचे आणि सकाळपासून चुलीशी असलेल्या मंडळींचे मी आभार मानते. बोलताना कोणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं सोडून द्या. आणि जेवणाबद्दल एक सूचना. बाईंनी सत्काराला होकार देताना अट घातली होती: पहिली पंगत मुलींची आणि त्यांच्या आयांची. तेव्हा बापूजी, डॉक्टर साहेब, आपली पंगत दुसरी, क्षमा असावी. उर्वशीताई, तुम्ही खाली या, पहिल्या पंगतीत. बायनाबाई, दिव्यानीजवळच बसा, वाढायला उठू नका. भाताचं घमेलं देवरावभाऊंनी घेतलं आहे, आणि ते तुमच्यापासूनच सुरू करत आहेत.