जर्दाळूखालचा काळा चौकोन

(मर्गिलान शहरातलं एक घर, मार्च अखेरची दुपार. टीव्हीला नवा रेकॉर्डर जोडलेला. पडद्यावर चार चित्रं: दार, गल्ली, गोठा, अंगण. इथे आईला आणि सासूलाही 'ओयी' म्हणतात.)

हाशिम : ...आणि हे चौथं, अंगणाचं. बघा सनोबर खाला, दारापासून जर्दाळूच्या झाडापर्यंत सगळं येतं. मुंगीसुद्धा सुटायची नाही.

सनोबर : मुंगी कशाला हवीय मला, हाशिमजान? शेजाऱ्यांची मेंढी चोरली ती दारातून चोरली. मुंग्या कुणी नेत नाही.

हाशिम : हे मी नाही ठरवलं. तुमच्या मुलानं, इल्हामनं कोरियातून यादी पाठवलीय. चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दिवसरात्र, तेही आवाजासकट. डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्या जागी नवं. आणि नेटला जोडून सगळं त्याच्या मोबाईलवर.

सनोबर : म्हणजे तो तिथल्या कारखान्यात उभा राहून आमचं अंगण बघणार.

हाशिम : उभा राहून, आडवा पडून, जेवता जेवता. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे चार तास. आपली दुपार सुरू असते तेव्हा तो सुटून खोलीवर आलेला असतो.

सनोबर : काल लावून गेलास, तेव्हापासून काय काय टिपलं यानं?

हाशिम : ते विचारूच नका. काल मी नुसतं हालचालीवर ठेवलं होतं. काही हललं की हा डबा जागा होतो, तेवढं टिपतो, परत झोपतो. नऊशे वेळा जागा झाला बिचारा. मला वाटलं, अख्खी गल्ली येऊन गेली की काय. बघतो तर जर्दाळूच्या फुलांच्या पाकळ्या. एक पडली, हा जागा. दुसरी पडली, हा जागा. तुम्ही आत चहाचं सांगायला गेलात ना, तेव्हा तेच बघत बसलो होतो. कशासाठी आलोय तेच विसरलो, खाला. नुसतं पडतंय, पडतंय, संपतच नाही.

सनोबर : आणि पाकळ्यांशिवाय?

हाशिम : पाकळ्यांशिवाय... मांजर.

सनोबर : हाशिमजान, तुझ्या आईच्या हातची रोटी खाल्लीय मी. तू खोटं बोलायला लागलास की कान चोळतोस.

हाशिम : तुमची सून दिसली. झाडाखालच्या लाकडी तक्तपोसावर, काल याच वेळेला. डोक्याचा रुमाल काढलेला, केस मोकळे, डोळे वर. मी लगेच पुढे सरकवलं. रोटीची शपथ.

सनोबर : तुला कोण काय म्हणतंय? माहिदिल, चहा घेऊन दाराशी का उभी? ऐकलंस ना सगळं. ये आत.

माहिदिल : चूक झाली, ओयी. पुन्हा नाही पडणार तिथे.

सनोबर : चुकीचं मी विचारलंच नाही. काय करतेस तिथे?

माहिदिल : काही नाही.

सनोबर : त्या काही नाहीचंच सांग.

माहिदिल : भांडी झाली की तुम्ही झोपता. मग मी जाते. झोपत नाही मी, पण जागीही नसते. वर बघत राहिलं की फांद्या हळूहळू पाण्यासारख्या हलायला लागतात. मग वाटतं, आपण खाली आहोत आणि वरून नदी चाललीय. आमच्या गावची. कधी आजी दिसते, कधी शाळा. एकदा तर मी तिथे पडल्या पडल्या कोकंदच्या बाजारात जाऊन आले, सगळ्या दुकानांतून फिरले आणि काहीच घेतलं नाही. त्या अर्ध्या तासात मी कुणाचीच सून नसते, ओयी. रागावू नका.

सनोबर : आणि इल्हाम?

माहिदिल : गेल्या आठवड्यात त्यांचा फोन दोनदा वाजला, मला ऐकूच आला नाही. दोन दिवस विचारत होते, कुठे होतीस, कुणाशी बोलत होतीस. अंगणातच होते म्हटलं तर हसले. मग कॅमेरे आले. मेंढी तर परवा गेली, कॅमेऱ्यांची ऑर्डर त्याआधीच दिली होती. मला भीती वाटते, ओयी. आता डोळे मिटले तरी ते विचारतील, का मिटलेस.

हाशिम : मी बाहेर जाऊन वायर बघून येतो.

सनोबर : बैस. पियाला अर्धाच भरलाय तुझा, पाहुण्यानं बसावं म्हणूनच तसा भरतात, इतक्यात कुठे निघालास? माझं लग्न झालं तेव्हा सासू त्या खिडकीत बसायची, पडद्याआड. पहाटे अंगण झाडताना पाठीत तिची नजर टोचायची मला. पण तिलाही चुलीशी जावं लागायचं, नमाजाला उठावं लागायचं, तेवढाच माझा श्वास मोकळा व्हायचा. हा तुझा डबा कधी उठतो रे?

हाशिम : नाही उठत. वीज गेली तरी बॅटरीवर तासभर चालतो.

सनोबर : मग काय करता येईल ते सांग.

हाशिम : वेळ ठरवता येते, दुपारी रेकॉर्डिंग बंद. पण चालू चित्र त्याला दिसणारच. कॅमेरा वळवला तर दार सुटतं. एक करता येईल. चित्रावर पाहिजे तिथे काळा चौकोन ठेवता येतो. त्याच्या आतलं दिसत नाही, डिस्कवरही जात नाही. उद्या पोलीस आले तरी त्यांनाही तिथे काळंच दिसणार.

सनोबर : ठेव.

हाशिम : पण मुख्य पासवर्ड ज्याच्याकडे, तो चौकोन काढू शकतो. आणि इल्हामनं बजावलंय, मुख्य पासवर्ड फक्त त्याच्याकडे.

सनोबर : डबा कुणाच्या भिंतीला टांगलाय?

हाशिम : तुमच्या.

सनोबर : मग पासवर्ड माझा. त्याला नुसतं बघायचं दे, बदलायचं नको. कान इकडे कर, सांगते. टाकलास? आता तो चौकोन ठेव, तक्तपोस पूर्ण झाकू दे. अजून थोडा इकडे. पोरीचे पाय बाहेर राहतील. हां. आणि कालचं जे दिसलं ते पूस.

हाशिम : पाकळ्याही जातील त्याबरोबर.

सनोबर : झाडावर अजून ढीगभर आहेत. आणि आवाज बंद कर सगळीकडचा. गोठ्यातला तेवढा ठेव. गाय हंबरलेली ऐकू दे त्याला, घरची फार आठवण येते पोराला. वाईट नाहीये तो, माहिदिल. आठ जणांच्या खोलीत एकटा पडलाय आणि डोक्यात किडे झालेत. पण त्याचे किडे तू का सोसायचे?

हाशिम : नेटला जोडलं. हिरवा दिवा लागला. आता त्याच्याकडे चित्र गेलं असणार... हा बघा, आलाच फोन.

सनोबर : दे इकडे. सलाम, बाळा. जेवलास? ...दिसतंय ना सगळं? ...नाही, कॅमेरा बिघडलेला नाही. तो चौकोन मीच ठेवायला लावलाय. ...का म्हणजे? तिथे मी बसते. दुपारी रुमाल काढते, केस सोडते, पाय पसरते. आता तुझ्या आईला उघड्या डोक्यानं तू बघणार, का तुझ्या खोलीतली ती सात पोरं बघणार? ...नाही ना? ...मग काढायचं बोलूही नकोस. ...माहिदिलचा फोन लागला नाही तर मला लाव, मी आहे घरात. ...गोठा बघ, वासरू बघ केवढं झालंय. जप स्वतःला.

हाशिम : खाला, तीस वर्षं तारा जोडतोय, असलं कनेक्शन नव्हतं बघितलं. येतो मी.

सनोबर : रोटी घेऊन जा घरी, बांधून ठेवलीय. माहिदिल, तू जा. तुझी वेळ निघून चाललीय.

माहिदिल : भांडी राहिलीत अजून.

सनोबर : राहू देत. जा म्हणते ना.

माहिदिल : (थोड्या वेळानं, झाडाखालच्या तक्तपोसावर) ...ओयी? तुम्ही का उठून आलात? झोपायचं नाही?

सनोबर : नाही.

माहिदिल : पण तुम्ही तर इथे कधीच बसत नाही.

सनोबर : पोराशी खोटं बोलले, ते निदान खरं तरी करते. सरक जरा. आणि रुमाल कुठे ठेवतेस तू, सांग मला.