प्रीतमने काढलेल्या भेगा

— अहो मॅडम, तिथे पट्टी नका लावू, ती भेग खोटी आहे. खोटी म्हणजे खोटी, रंगवलेली. थांबा, हे ओलं फडकं फिरवते — निघाली की नाही? तुमच्या महापालिकेच्या नोटिशीत लिहिलंय ना, 'दर्शनी भिंतीस गंभीर तडे' — ते गंभीर तडे प्रीतमने काढलेत. आर्टवाला प्रीतम, भुताच्या सिरियलचा. ते शेवाळ? हिरवा रंगवलेला भुसा. जळमटं पण त्याचीच. आमच्या मढला कितीतरी बंगले शूटिंगवर जगतात, आणि भुतांना काही झकास प्लॅस्टर केलेलं घर चालत नाही!

हसू नका हो, इथे माझी वाट लागलीय. मालकीणबाई परदेशी गेल्या तेव्हा यांना म्हणाल्या, चंद्रप्रकाश, घर सांभाळ. माळी माणूस, त्याने सांभाळून सांभाळायचं किती? कौलं उडाली तेव्हा हे तुमच्या ऑफिसात गेले — जुनी वास्तू आहे, कुणीतरी येऊन बघा. आलं कुणी? कुणी नाही. जिना सुटला, परत गेले — खासगी मालमत्ता आहे, आमचा संबंध नाही. आणि आता कुणीतरी सिरियल बघितली, पेपरात फोटो आला, ऐतिहासिक बंगल्याची दुरवस्था, की लगेच तुम्ही हजर! खरी पडझड होती तेव्हा फिरकलं नाही कुणी, खोटी बघून धावत आलात. बरं, जपा ना, माझी कुठे ना आहे? पण 'दुरुस्तीसाठी घर रिकामं करा' म्हणजे? आम्ही मागच्या खोलीत राहतो, नावावर कागद नाही, काही नाही, एकदा बाहेर पडलो की परत आत कोण घेणार? तुमचे साहेब म्हणतात, माहुलला खोली देऊ. माहुलला! तेलाच्या कारखान्यांना खेटून! यांना दमा आहे मॅडम. इथे समुद्राचा वारा लागतो म्हणून झोप तरी लागते त्यांना.

म्हणून म्हणते, लिहून टाका — भेगा खोट्या, घर ठणठणीत. या, आमच्या खोलीत पण काढल्यात त्याने, सगळ्या पुसून दाखवते. ही बघा, गेली. ही पण गेली — ती? ती राहू दे. ती जरा पक्क्या रंगातली आहे, निघणार नाही — अहो, बोट नका घालू!

हो. जातं आत. वारा पण येतो, माहितीय मला.

मागच्या वादळानंतर दिसली. आधी केसाएवढी होती. यांना कळलं असतं तर हे स्वतःच तुमच्या दारात येऊन उभे राहिले असते — बाईंचं घर, लपवायचं कसं, म्हणून — असला माणूस! आणि मग चला माहुलला. म्हणून मीच प्रीतमला म्हटलं, बाळा, आमच्या खोलीत पण काढून ठेव थोड्या, शूटिंगला लागतील. त्याने काढल्या. यांना सांगितलं, ही मोठी पण त्याचीच. लगेच पटलं! आल्यागेल्याला दाखवतात — बघा, काय हात आहे पोराचा, वाटतो का रंग? फक्त शिवू देत नाही मी त्यांना, पुसली गेली तर प्रीतम ओरडेल म्हणते. आणि झोपतात कुठे? तिथेच, त्याच भिंतीला उशी लावून, खिडकी जवळ पडते ना. मी जागी. इकडे सरका म्हणावं, तर का म्हणून विचारतील — काय सांगू? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा, हा पावसाळा काढेल का हो ही भिंत? एवढंच सांगा, काढेल का? मॅडम, परत बोट काय घालताय —

फाटक वाजलं. हे आले. हात काढा तिथून. काढा आधी!

— आलात? काही नाही हो, महापालिकेच्या मॅडम आहेत, तुमची लाडकी भेग बघत होत्या. किती हुबेहूब काढलीय म्हणत होत्या — हो ना मॅडम? सांगा ना यांना. मॅडम —