रायफल बघायला आईला नेलं

अरे, मी रायफल घ्यायला गेले होते ना, त्याचं काय झालं ऐका. लायसन्स हातात आलं होतं. बोरिवलीचे गायकवाड काका, आमच्याच क्लबचे जुने नेमबाज, त्यांची बोल्ट-ॲक्शन रायफल विकत होते. फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही. मी ठरवूनच गेले, पारखल्याशिवाय घ्यायची नाही. सोबत आई. ती तर पापलेटसुद्धा गलफडं उघडून बघितल्याशिवाय घेत नाही.

काकांनी रेंजवर पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. "घे, डोळे मिटून घे."

"थांबा काका, आता मी मारते."

त्याच रायफलीने माझी पाच भोकं कागदभर पसरली. काका सभ्य माणूस, त्यांनी कागद हळूच उलटा करून ठेवला. पण मी सोडते काय? क्लबची जुनी रायफल आणली, जिला वर्षभर शिव्या घालत होते तीच, आणि त्यांच्या हातात दिली. "आता हिने मारा."

काकांनी मारल्या. परत पाचही नाण्याखाली!

आईने तिन्ही कागद शेजारी शेजारी धरले, नीट बघितले आणि मला म्हणाली, "रायफल रवांदे गो. ह्येंका इचार, शिकवतले काय?"

काका हसायला लागले. "अगं, मग माझी रायफल कोण घेणार?"

"मीच घेणार. ह्या जुनीने माझी पाच भोकं नाण्याखाली आली की त्याच दिवशी. बोला, शनिवारी किती वाजता येऊ?"