घरचा फर्मा

(बुटांचं छोटं दुकान. लेकीला आठवा महिना. बाप तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवतोय.)

लेक : बाबा, पेन्सिलीला टोक कशाला एवढं काढलंत? गुदगुल्या होतात.

बाप : हलू नकोस. पाय सुजलेत. आधीच दोन बोटं नि मधे ही खाच. माप चुकलं तर बूट शेजारणीला देऊन मोकळी होशील.

लेक : तिला कसे बसतील? तिला पाच-पाच बोटं आहेत.

बाप : बिचारी.

जावई : बाबा, या कप्प्यातले पावलांच्या आकाराचे लाकडी फर्मे... म्हणजे, कुणाचे हे?

बाप : हा माझ्या आईचा. हा माझा. हा हिचा, शाळेत घातली तेव्हाचा. सगळे दोनबोटी. धाकट्या भावाचा तेवढा नाही. त्याला दहाच्या दहा. आई म्हणायची, कुणावर गेलंय कोण जाणे.

लेक : काका अजून कुरकुरतो. सगळ्यांना घरचे बूट, मला तेवढे बाजारातले.

जावई : आणि हे दोन? मुठीएवढेच आहेत. लाकूडही पांढरं दिसतंय.

बाप : असेच. हाताला चाळा.

लेक : एक खाचेचा, एक पाच बोटांचा. चाळा बराच विचार करून केलाय.

बाप : मग काय करू? सोनोग्राफी होऊन तीन आठवडे झाले. येता, चहा पिता, उन्हाबद्दल बोलता नि जाता.

जावई : हिनंच सांगितलं होतं, विषय काढायचा नाही. तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून.

बाप : तू झालीस तेव्हा मी आधी पाय पाहिले, तोंड मागाहून. तीन दिवस तुझ्या आईकडे मान वर करून बघितलं नाही. ...खरं सांग. राग येतो माझा?

लेक : येतो की. रस्त्यात चप्पल तुटली तर तुमच्याकडे येईपर्यंत अनवाणी.

बाप : थट्टा पुरे.

लेक : शाळेत असताना यायचा. पोरी बघायला गोळा व्हायच्या. मग मी दोन बोटांत खडू धरून फरशीवर त्यांची नावं लिहायला लागले. गर्दी तेवढीच, पण माझं नाव आधी लिही म्हणून भांडायच्या.

बाप : हे कधी बोलली नाहीस.

लेक : फरशी पुसायला लावली होती बाईंनी. ...बाबा, तो पाच बोटांचा फर्मा काकाच्या नातवाला देऊन टाका.

बाप : का?

लेक : बाळाचे पाय आपले आहेत.