बारवेतला डोंगर

त्रिवेणी : ‘पाण्याला पाय लावून या, मगच न्याहारी!’ अप्पा इथंच, या वरच्या चिऱ्यावर उभे राहून ओरडायचे. आवाज घुमत घुमत खाली पाण्यापर्यंत जायचा. तुझ्या कानात उरलाय का रे अण्णा, की दुकानातल्या डब्यांच्या खडखडाटात गेला?

सोमेश्वर : जाईल कसा? अर्ध्या गावाची न्याहारी त्या आवाजावर व्हायची. तू बोलू नको, दम जाईल. कितवी खेप ही?

त्रिवेणी : सातवी. अजून पाच.

(पाथरीजवळच्या एका गावातली जुनी बारव. दिवाळीआधीची सकाळ. साठीची त्रिवेणी पाठीला सॅक लावून पायऱ्या उतरते-चढते आहे. थोरला भाऊ सोमेश्वर पायात नवे बूट घालून वरून तिसऱ्या पायरीवर बसला आहे.)

सोमेश्वर : सॅकमधी भरलंस काय एवढं?

त्रिवेणी : तुझ्याच दुकानातली ज्वारी. तुझ्या लेकानं, पंकजनं, आठ किलो मापून दिली.

सोमेश्वर : ज्वारी घिऊन हिमालयात! तिथल्या कोंबड्या दुवा देतील तुला.

त्रिवेणी : ज्वारी सरावापुरती रे. अन्नपूर्णेच्या पायथ्याला जायचं म्हणजे नुसत्या दगडी पायऱ्या. दिवसभर. पाथरीच्या आसपास चढायला आहे काय? पाण्याची टाकी आणि ही बारव.

सोमेश्वर : आपला डोंगर देवानं उलटा पुरून ठिवलाय. बाकीचे लोक आधी चढतेत, मग उतरतेत. आपुन आधी उतरायचं.

त्रिवेणी : हस. परवा दुपारी मी थंडीसाठी घेतलेलं पिसांचं जाकीट घालून बघत होते. वर पंखा, अंगाला घामाच्या धारा. तेवढ्यात शेजारच्या कुसुमबाई आल्या. म्हणाल्या, थंडीताप आला का बाई? काढा करून आणू?

सोमेश्वर : आणला का?

त्रिवेणी : आणला. प्यावा लागला.

सोमेश्वर : अप्पा कावड घिऊन श्रीशैलला पायी गेले तवा सामान काय होतं? एक घोंगडी, एक तांब्या, गळ्यात लिंग. पायात टायरच्या चपला. ना ती कपाळावरची बत्ती, ना त्या घडीच्या काठ्या.

त्रिवेणी : आणि परत आल्यावर आईनं महिनाभर त्यांचे पाय तेलानं चोळले, ते?

सोमेश्वर : ते सामानात धरत न्हाईत.

त्रिवेणी : बरोबर. बायकांचं कशातच धरत नाहीत.

सोमेश्वर : आता हुजत नको घालू. उतर, उतर.

त्रिवेणी : ती वही आहे का रे अजून? चित्रांची?

सोमेश्वर : हाय की. कापडात बांधून ठिवलीय, पोथीवानी.

त्रिवेणी : परभणीहून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात ती इंग्रजी मासिकं. गुळगुळीत कागदाची पुडी सुटते म्हणून अप्पा तो कागद बाजूला फेकायचे, आणि तू मांजरासारखा टपून, चित्रं कापून वहीत चिकटवायला.

सोमेश्वर : मला इंग्रजी धड लागंना, पण वाट कळायची. चित्रात एक बारीक पांढरी वाट, डोंगराच्या कमरंवरून गेलेली. करदोडाच जणू. मग तू वाचून दावायचीस. ही पेरू देशातली, इंका लोकांनी बांधलेली. ही न्यूझीलंडातली, पावसातून अन् धबधब्यातून जाणारी. अन् ते मोंट ब्लॅंक.

त्रिवेणी : अरे, सहावीत होते मी! त्याला माँ ब्लां म्हणतात, हे मला बी.एड.ला गेल्यावर कळलं.

सोमेश्वर : असंल. माझं मोंट ब्लॅंकच ऱ्हाऊ दे. त्याला चक्कर मारायची तर तीन देश लागतेत, हे तूच सांगितलं होतंस. गिऱ्हाइकाची तूरडाळ बांधता बांधता किती चकरा मारल्या मी. पंकजची माय मनायची, बघा, निघाले सावकार फिरायला.

त्रिवेणी : आणि आई जात्यावर काय म्हणायची, आठवतं?

सोमेश्वर : का न्हाई? ‘बारवंची पायरी गं, उतरते एक एक, खाली पाणी, वर ऊन, मधी माझी लाडी लेक.’ लेकीची ओवी ती. लेकाला ओवी न्हाई. लेकाला दुकान.

त्रिवेणी : टोमणा मारलास?

सोमेश्वर : उगी गंमत केली. बस जरा. घाम पूस.

त्रिवेणी : पाण्याची बाटली दे इकडं. तुझ्या पायाशी आहे.

सोमेश्वर : कुठं?

त्रिवेणी : पायाशी रे. डाव्या. अरे, चाचपतोस काय? लवंडली ना!

सोमेश्वर : ऊन आलं डोळ्यावर. तिकडं बघ, चिंचंच्या शेंड्यावर. पोपटाची जोडी बसलीय. एकाची चोच मोडकी हाय.

त्रिवेणी : पोपट राहू दे. ऊठ आता, एक खेप माझ्यासोबत कर. आठ दिवसांवर आपली गाडी आली. तीन महिने झाले, तू फोनवर रोज सांगतोस, चार खेपा केल्या. आज मला बघायचंय.

सोमेश्वर : उद्या करू. आज पाय जड हायेत.

त्रिवेणी : पाय वर कर.

सोमेश्वर : कामून?

त्रिवेणी : बुटाचा तळ दाखव.

सोमेश्वर : चौसष्ट वर्साच्या माणसाला पाय वर कर मनतेस! कुणी पाह्यलं तर मनंल, बहीण भावाला नाल ठोकायलीय.

त्रिवेणी : दाखव म्हणते ना. हे बघ. कोरा आहे, अण्णा. खाचांत काळ्या मातीचा कण नाही. आपल्या मातीत चार पावलं टाकली तरी ती मैलभर सोबत येते. हे बूट चाललेलेच नाहीत.

सोमेश्वर : पुसून ठिवतो मी. चांगली वस्तू हाय.

त्रिवेणी : तुला खोटंसुद्धा नीट बोलता येत नाही.

सोमेश्वर : दुकान हाय माझ्यामागं.

त्रिवेणी : पंकज बघतो.

सोमेश्वर : हरभऱ्याची पेरणी—

त्रिवेणी : सूर्यभानला बटईनं दिलंय शेत. वर्ष झालं.

सोमेश्वर : गुडघा—

त्रिवेणी : काल मठात दोन तास मांडी घालून बसलास, आणि उठलास ते हात न टेकता. अण्णा, सरळ सांग. तुला माझ्यासोबत यायचंच नाही.

सोमेश्वर : मन लागत न्हाई आता त्याच्यात. झालं वय.

त्रिवेणी : हेच वाक्य. अप्पा गेले आणि तेराव्या दिवशी तू दप्तर कोनाड्यात ठेवलंस. म्हणालास, माझं मन लागत न्हाई शाळंत, त्रिवेणीला शिकवा. दहावीत होतास. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी नवा वर्ग, तोच नकाशा, आणि नकाशा टांगताना ते वाक्य ऐकू यायचं. तेव्हा मी लहान होते, खरं वाटलं. आता मी साठीची आहे.

सोमेश्वर : वरडू नको. बारव घुमते.

त्रिवेणी : घुमू दे!

सोमेश्वर : डोळ्याचं हाय, बाई.

त्रिवेणी : काय?

सोमेश्वर : काचबिंदू. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, गेली ती नजर माघारी येत न्हाई. ऱ्हाइली ती थेंब घालून राखायची. समोरचं साफ दिसतंय. कडंचं गेलं, खालचं गेलं. तुझं तोंड दिसतंय, तुझे पाय दिसत न्हाईत. स्कूटर मनून इकली.

त्रिवेणी : तू तर म्हणालास, पेट्रोल परवडत नाही.

सोमेश्वर : मनावं लागतंय काही तरी.

त्रिवेणी : कधीपासून?

सोमेश्वर : दोन दिवाळ्या झाल्या. तीन महिन्यामागं तू बूट दिलेस ना, दुसऱ्याच दिवशी आलो इथं. चपलंनं आलो, चपलंत जमीन कळते. पहिल्या पायरीवर बसून बूट घातले, इतक्या कौतुकानं की इचारू नको. दोन उतरलो. तिसरीवर आलो अन् चौथी सापडंना. ह्या बारवंत आपुन डोळे झाकून पळायचो. बसलो मग. तवापासून रोज येतो, बूट घालतो, इथं बसतो. पाण्याकडं बघत चार खेपा करतो. त्या खोट्या न्हाईत. मनानं करतो, पर करतो.

त्रिवेणी : पंकजला माहीत आहे?

सोमेश्वर : त्याला थेंब ठाऊक हायेत. बाकी न्हाई.

त्रिवेणी : आणि मला?

सोमेश्वर : तुला सांगितलं असतं तर तू तिकीट मोडलं असतंस. आता आठ दिवस उरले, आता मोडू नको. डोंगर मलाबी दिसंल, बाई. पाय कुठं ठिवायचा ती जागा दिसायची न्हाई. तुझ्यासंगं आलो तर तू डोंगर बघणार न्हाईस, माझे पाय बघशील. तू जा. अन् रोज सांजच्याला फोन लाव, वाट कशी हाय ते सांग. सहावीत सांगायचीस तसं.

त्रिवेणी : नाही सांगणार.

सोमेश्वर : रागावलीस?

त्रिवेणी : आयुष्यभर तुला वाटा वाचूनच दाखवल्या मी. आता एक विचारते, तेवढ्याचं उत्तर दे. दुकान, डोळे, तिकीट, मी, सगळं बाजूला ठेव. तुला यायचंय का?

सोमेश्वर : कसं जमंल—

त्रिवेणी : जमेल का, ते नाही विचारलं. ते डॉक्टरांना विचारू, तिथल्या वाटाड्याला विचारू. मग दोन दिवस चालू, नाही तर दोन तास. तुला विचारतेय, यायचंय का?

सोमेश्वर : असं कुणी इचारलं न्हाई कवा.

त्रिवेणी : मीही नाही. आज विचारतेय.

सोमेश्वर : यायचं हाय, बाई. लय यायचं हाय.