शर्यतीत शेवटचा नंबर

टेमघरच्या दवाखान्यात माझ्यापुढे नऊ पेशंट होते आणि शेजारी दोन बायका.

“अतिया, लकव्यानंतर तुझं मालक कासमभाय कसं हायेत?”

“डावा हात अजून मेल्यासारखाच, कमळाताई. दिवसभर मोबाइलवर गाड्यांच्या शर्यती खेळतात. पोरीनं दोन्ही हातांत धरून खेळायचा कंट्रोलर आणलाय, वर गेमचं महिन्याचं सबस्क्रिप्शन.”

“जिंकतात तरी का?”

“कुठलं! रोज शेवटचा नंबर.”

“मंग बंद कर ना ते.”

“आज करणारच होते. पण काल शेजारी बसून बघितलं. गाडी मुद्दाम भिंतीवर घालतात.”

“येड लागलंय का?”

“गाडी आदळली की कंट्रोलर थरथरतो. म्हणाले, या डाव्या हाताला तेवढंच कळतं.”





“मंग त्यांना गेममंदी ट्रक घ्यायला सांग. जोरात आदळंल.”